कला शाखेतून आलेल्या मुलीला मेंदूचा पेपर झेपेल का?

प्रश्न असा आला आहे: ‘मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्यात शिकायला आले. अकरावी-बारावी कला शाखा, सगळं शिक्षण मराठी माध्यमातून. एफ.वाय.ला मानसशास्त्र आवडलं म्हणून तेच स्पेशल घेतलं. आता वर्तनाच्या जैविक आधाराचा पेपर सुरू झालाय आणि पहिल्याच आठवड्यात न्यूरॉन, सोडियम, पोटॅशियम, हायपोथॅलॅमस. सायन्समधून आलेल्या मुली मान डोलावतात, मला काही कळत नाही. मला समुपदेशक व्हायचंय, मेंदूचा डॉक्टर नाही. हा पेपर खरंच लागतो का? आणि लागत असेल, तर माझ्यासारखीने तो कसा अभ्यासायचा?’

लागतो. आणि झेपेल. पुण्यात हा पेपर शिकवून मला सव्वीस वर्षं झाली. आठवड्यातला एक दिवस मी एका रुग्णालयात पक्षाघाताच्या आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या स्मृतीच्या, भाषेच्या, लक्षाच्या चाचण्या घेते. ‘लागतो का’चं उत्तर मी त्या एका दिवसातून देते, कारण ते वर्गात पटत नाही.

काही वर्षांपूर्वी एक सत्तरीच्या आजी आल्या होत्या. मेंदूच्या उजव्या अर्धगोलात रक्तस्राव होऊन गेलेला, आता चालत-बोलत होत्या, गप्पा खणखणीत. बरोबर मुलगा आणि सून. सुनेचे डोळे रडून सुजलेले. आजींची तक्रार एकच: ‘ही मला पानात चटणी-कोशिंबीर वाढत नाही. लोणचं नाही, लिंबू नाही. भाजी-आमटी तेवढी घालते.’ सून म्हणाली, ‘मॅडम, रोज वाढते. त्या हात लावत नाहीत, तसंच टाकून देतात आणि शेजाऱ्यांना सांगतात.’ घरात दोन महिने यावरून अबोला चालला होता. कुणा ओळखीच्यांनी त्यांना कौटुंबिक समुपदेशनाला जायचा सल्लाही दिला होता.

आपल्या पानाची डावी बाजू आणि उजवी बाजू आठव. आजींना डावी बाजू दिसत नव्हती. म्हणजे डोळ्यांना दिसत होती, डोळे शाबूत होते. पण ‘डावीकडे काहीतरी असतं’ हेच त्यांच्या मेंदूच्या हिशेबातून गळलं होतं. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्या गोलात कोंबले. वर्तमानपत्राचा मथळा अर्ध्यातून वाचायच्या. मी मुलाला सांगितलं, आईचं ताट अर्धं गोल फिरवून बघा. दुसऱ्या आठवड्यात तो सांगत आला: ताट फिरवलं तशी आई म्हणाली, ‘बघ, आत्ता वाढलीस ना कोशिंबीर.’

आता विचार कर, तू समुपदेशक असतीस आणि ही बाई तुझ्याकडे आली असती तर? सासू-सुनेचं भांडण, जुने राग, सुनेचा मत्सर – सगळं तयार आहे. तू चार-सहा सत्रं घेतली असतीस, मन लावून घेतली असतीस, आणि चूक दिशेने घेतली असतीस. त्या घराला एवढंच कळायला हवं होतं की पॅरायटल लोब नावाचा एक भाग आहे आणि उजवीकडचा तो बिघडला की जगाची डावी बाजू हरवू शकते.

इतकं नाट्यमय रोज घडत नाही, कबूल. रोज घडतं ते साधं असतं. ‘मन लागत नाही, झोप येते, वजन वाढतंय, कशात रस नाही’ असं सांगणाऱ्या चाळिशीच्या बाईच्या थायरॉईड ग्रंथीचं काम मंदावलेलं असतं. चिडचिड, विसराळूपणा आणि पायाला मुंग्या असं त्रिकूट घेऊन येणाऱ्या पक्क्या शाकाहारी गृहस्थांचं बी-१२ तळाला गेलेलं असतं. पुण्यात या बी-१२वर तर जगाने दखल घ्यावी असं काम झालंय. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्यातल्या, गरोदरपणी बी-१२ खूप कमी असलेल्या आयांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या आणि ऐकलेले अंक उलट क्रमाने सांगण्याच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. अंक उलट सांगायची ही चाचणी तुमच्या प्रॅक्टिकलमध्येही असते. तेव्हा समुपदेशकाने औषध द्यायचं नसतंच, पण ‘रक्त तपासलंय का?’ हा प्रश्न कधी विचारायचा आणि डॉक्टरकडे कधी पाठवायचं, हे तिला कळायलाच हवं.

आता कसा अभ्यासायचा ते.

सायन्सच्या मुली मान डोलावतात ती नावं ओळखीची वाटतात म्हणून. त्या ओळखीचा फायदा पहिला महिनाभर टिकतो. मग ज्या नुसती नावं पाठ करतात त्या मागे राहतात, मग शाखा कुठलीही असो. मी स्वतः हा विषय शिकले तेव्हा आमचे सर टिपणं सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. ‘हायपोथॅलॅमस : भूक, तहान, तापमान, कामप्रेरणा.’ परीक्षेत तेच लिहिलं, चांगले गुण पडले. एकदाही कुणाच्या मनात आलं नाही की, हे कळलं कसं? भूक एवढ्याशा जागेत आहे हे कुणी, कशावरून ठरवलं?

हा एकच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. हे कळलं कसं? या पेपरातलं प्रत्येक वाक्य या प्रश्नाला उत्तर देतं आणि उत्तर सांगता आलं की वाक्य आपोआप लक्षात राहतं. मेंदूबद्दल काही कळायचे मार्ग फार नाहीत. एक तर एखादा भाग बिघडतो आणि मागे काय राहतं ते दिसतं, आजींसारखं. नाहीतर एखाद्या भागाला विजेचा बारीक धक्का देऊन काय होतं ते बघतात. किंवा नुसते संदेश टिपतात. किंवा एखादं रसायन घालतात वा काढून घेतात. प्रत्येक मार्गात एक फसगत दडलेली असते, आणि पेपराची खरी गंमत तिथे आहे.

भुकेचंच घे. १९५१ साली अमेरिकेत येल विद्यापीठात बाल कृष्ण आनंद हे भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि जॉन ब्रोबेक यांनी उंदरांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा बाजूचा छोटा भाग दोन्हीकडून नष्ट केला. उंदरांनी खाणं सोडलं, समोर अन्न असूनही ते उपाशी राहिले. झालं, त्या जागेचं नाव पडलं ‘भूक केंद्र’. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्रमुख झाले. आपल्याकडे या नावाचा उल्लेख वर्गात होत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. नंतर लक्षात आलं की ते उंदीर फक्त खात नव्हते असं नाही. ते हालचालही धड करत नव्हते, अंगाला झालेल्या स्पर्शाकडेही लक्ष देत नव्हते. त्या जागेतून डोपामिन हे मेंदूतलं रसायन वाहून नेणारे तंतू जातात, आणि जागा जाळताना तेही जळाले होते. म्हणजे एखाद्या चौकातली खोदाई करताना वस्तीची पाण्याची लाइन फुटावी आणि आपण म्हणावं, या चौकात पाणी तयार होत होतं. पुण्यात राहतेस, हे तुला समजावून सांगायला नको. पुढे फक्त पेशी मारून तंतू शाबूत ठेवणारी रसायनं वापरली, तेव्हा भुकेत त्या भागाचा वाटा आहे हेही दिसलं. त्यामुळे ‘केंद्र’ हा शब्द परीक्षेत लिहायला हरकत नाही, पण मनात त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह असू दे.

तुमच्या महाविद्यालयाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत एक आरशाचं उपकरण असेलच. आरशात बघून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची, उजव्या हाताचा सराव डाव्या हाताला किती उपयोगी पडतो ते मोजायचं, जर्नलमध्ये तक्ता काढायचा, सही घ्यायची. पिढ्यान्‌पिढ्या मुलं हे करत आली आहेत, आणि बहुतेकांना कुणी सांगत नाही की मानवी स्मृतीबद्दलच्या फार मोठ्या शोधात हेच काम वापरलं गेलं होतं. हेन्री मोलेसन नावाचा सत्तावीस वर्षांचा अमेरिकी तरुण. फेफरं इतकं की जगणं अशक्य. १९५३ साली विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग, हिपोकॅम्पसचा बराचसा हिस्सा धरून, काढून टाकला. फेफरं पुष्कळ कमी झालं. पण त्यानंतर नवीन काही लक्षात राहणं बंद. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की नव्याने ओळख. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशातली चांदणी गिरवायला दिली, तीन दिवस. रोज तो म्हणायचा, हे मी पहिल्यांदाच बघतोय. आणि रोज त्याच्या चुका कमी होत गेल्या. हाताला येत होतं, त्याला आठवत नव्हतं. तोपर्यंत स्मृती ही एकच एक गोष्ट समजली जायची. इथे तिचे दोन वेगळे रस्ते दिसले. २००८मध्ये तो वारला, तोवर पाठ्यपुस्तकांत त्याची फक्त आद्याक्षरं छापली जायची. या वेळी ते उपकरण हातात घेशील तेव्हा सब्जेक्टला, म्हणजे जिच्यावर प्रयोग करतेस तिला, सहज विचार, काल केलेलं आठवतंय का. तिला आठवत असेल. मग त्या आठवण्याचं श्रेय कुणाला आणि सफाईचं कुणाला, असा एक परिच्छेद जर्नलच्या शेवटी लिही. परीक्षक दचकतील, पण वाचतील.

तू ज्याला घाबरलीस ते सोडियम-पोटॅशियम. यासाठी बारावी सायन्स लागत नाही, नववी-दहावीचं विज्ञान पुरतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती पुस्तकं मराठीत फुकट मिळतात. एक रविवार घालव. मग हे समजून घे: चेतापेशीच्या, म्हणजे न्यूरॉनच्या, पडद्याबाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट. निवांत बसलेली पेशी खरं तर निवांत नाही, ताणलेली आहे. कुठून तरी संदेश आला आणि हा आकडा उणे ५५च्या आसपास चढला की सोडियमची दारं धाडकन उघडतात, धन भाराचं सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच ती दारं मिटतात, पोटॅशियमची उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पूर्वपदावर. हे सगळं एका-दोन हजारांश सेकंदांत.

मी वर्गात दिवाळीतली लवंगी फटाक्यांची माळ सांगते. वात नीट पेटली नाही तर काहीच नाही. पेटली की मग शेवटापर्यंत. आणि शेवटची लवंगी पहिलीइतकीच जोरात वाजते, आवाज वाटेत विरत नाही. चेतापेशीतला आवेग, म्हणजे हा विजेचा संदेशही तसाच, टोकाला पोचेपर्यंत तेवढाच. फरक इतकाच की ही माळ पुन्हा आपोआप भरते, सेकंदाला शेकडो वेळाही वाजू शकते. यातूनच एक सुंदर गोष्ट निघते: चिमटा जोरात काढला म्हणून पेशी जोरात वाजत नाही, जास्त वेळा वाजते.

इथे माझी एक चूक सांगते, कारण तीच चूक दरवर्षी उत्तरपत्रिकांत असते. पडद्यात एक पंप असतो, तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. नोकरीच्या सुरुवातीची दोन वर्षं मी शिकवायचे की आवेग येऊन गेल्यावर हा पंप पेशीला पूर्वपदावर आणतो. तिसऱ्या वर्षी प्राणिशास्त्राची एक मुलगी तास संपल्यावर येऊन हळूच म्हणाली, मॅडम, ते काम पोटॅशियमच्या बाहेर पडण्याने होतं, पंप इतका चपळ नसतो. बरोबर होतं तिचं. पंप हा रोजचा झाडूवाला. त्याच्यामुळे आत-बाहेरचा फरक दिवसेंदिवस टिकतो. पण त्या एका क्षणाचा खेळ त्याचा नव्हे. पुढच्या तासाला मी वर्गाची माफी मागितली, पण आधीच्या दोन वर्गांतल्या शंभरेक मुली तेच चुकीचं घेऊन गेल्या, त्याला इलाज नाही.

या आवेगाचा वेग मोजता येईल असं एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या लोकांनाही वाटत नव्हतं. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान हेल्महोल्ट्झ यांचे गुरू योहान्स म्युलर यांचंही मत तसंच होतं. १८५०मध्ये शिष्याने बेडकाच्या नसेवर तो मोजला: सेकंदाला तीसेक मीटर. वीज नव्हे, पुण्यातल्या रिकाम्या रस्त्यावरच्या मोटारीपेक्षा थोडा जास्त. तुम्हीही मोजू शकता. वीस मैत्रिणी एका ओळीत उभ्या करा, डोळे मिटून. पहिलीने दुसरीचा खांदा दाबायचा, तो जाणवला की दुसरीने तिसरीचा. शेवटपर्यंत किती वेळ लागला ते मोबाइलवर मोजा. मग खाली बसून हेच घोट्याला. घोट्याहून मेंदूपर्यंतची वाट सुमारे एक मीटरने लांब, त्यामुळे वीस जणींत मिळून अर्ध्या सेकंदाच्या आसपास जास्त लागतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्या हसण्यात वाया जातात, त्या मोजू नका.

दोन चेतापेशींमध्ये फट असते, तिथे संदेश विजेने जातो की रसायनाने, यावर बरीच वर्षं वाद होता. ऑटो लोवी या शास्त्रज्ञांना रात्री स्वप्नात प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी टिपून ठेवला, सकाळी स्वतःचं अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडलं, तेव्हा ते सरळ उठून प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं, एकाला मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नस जोडलेली. नस उत्तेजित केली, हृदय मंदावलं. त्या हृदयाभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर घातलं – तेही मंदावलं. नस नव्हती, फक्त पाणी गेलं होतं. हा १९२१चा प्रयोग, त्यावर १९३६चं नोबेल. आता तू ‘न्यूरोट्रान्समीटर म्हणजे रासायनिक संदेशवाहक’ हे वाक्य विसरून दाखव.

आणि रसायनांचं प्रकरण आलंच आहे तर आपल्या सर्पगंधेपासून सुरू कर, परदेशी गोळ्यांपासून नको. वैद्य लोक ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या उन्मादाला, झोपेला देत आले. १९३१ साली कोलकात्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं: रक्तदाब उतरतो, वेडाच्या भरातला रुग्ण शांत होतो. १९४९मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतलं रेसर्पिन वेगळं केलं गेलं. हे औषध घेणाऱ्यांपैकी काही जण खूप उदास होतात, असं डॉक्टरांना दिसू लागलं. का? रेसर्पिन चेतापेशींच्या टोकांतल्या थैल्या रिकाम्या करतं. डोपामिन, नॉरॲड्रेनलिन, सेरोटोनिन ही संदेशवाहक रसायनं साठूच देत नाही. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ससे निपचित पडले. मग एल-डोपा टोचलं, ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो. ससे उठून हिंडू लागले. कंपवाताच्या आजच्या औषधाची वाट तिथून निघते, आणि २०००चं नोबेलही.

उदासीनता म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, ही आज कुणीही बोलून जातं ती गोष्टही याच धाग्यातून आलेली. हे कळलं कसं, विचार. औषधाने रसायन घटवलं आणि काही माणसं उदास झाली, यावरून. पण सगळी नाही झाली. शिवाय सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या फटीतलं सेरोटोनिन काही तासांत वाढवतात, आणि माणसाला बरं वाटायला दोन ते चार आठवडे जातात. नुसती टाकी भरायची असती तर संध्याकाळीच बरं वाटायला हवं होतं. मधल्या आठवड्यांत पेशींमध्ये काहीतरी हळूहळू बदलतं. म्हणून गोळ्या खोट्या ठरत नाहीत. पुष्कळांना उपयोग होतो आणि डॉक्टरांना न विचारता त्या बंद करायला सांगणं हा समुपदेशकाने करायचा उद्योग नाही. पण ‘तुमच्या मेंदूत अमुक कमी आहे’ हे वाक्य मात्र मी स्वतः रुग्णाला कधी सांगत नाही. मोबाइल, मौजमजा काही दिवस बंद ठेवून मेंदू ‘साफ’ करायच्या ‘डोपामिन डिटॉक्स’बद्दल तर मी वर्गात बोलणंच सोडलंय, तास तिथेच संपतो.

या पेपराचा तुला नागरिक म्हणूनही उपयोग आहे, आणि पुण्यात जरा जास्तच. मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे वर्ग आठवत असतील; डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं पुस्तक वाचतात म्हणे. मिडब्रेन हा मेंदूच्या देठातला जेमतेम दोन सेंटिमीटरचा तुकडा, तुझा आत्ताही चालू आहे, बंद असता तर तू हे वाचत नसतीस. मुलं पट्टी आणि नाकाच्या मधल्या फटीतून वाचतात. पट्टी नीट बसवली की वाचन थांबतं. बोटांचे ठसे घेऊन मुलाने कॉमर्स घ्यावं की सायन्स हे सांगणाऱ्या डीएमआयटी चाचण्याही तशाच, त्याला शास्त्रीय आधार नसल्याचं मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने जाहीर केलेलं आहे. तरी पालक हजारो रुपये मोजतात. तुझ्याकडे उद्या असा अहवाल घेऊन कुणीतरी येणारच आहे.

पण मी दरवर्षी ज्यावर पूर्ण तास घेते ते वेगळं. जून २००८मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपी तरुणीला दोषी ठरवलं, आणि निकालात मेंदूच्या विद्युतलहरींच्या एका चाचणीचा पुरावा म्हणून आधार घेतला. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची, आरोपीने गप्प बसायचं. सॉफ्टवेअर सांगणार की ही गोष्ट तिने ‘अनुभवलेली’ आहे की नुसती ऐकलेली. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या, कारण या पद्धतीची स्वतंत्र तपासणी होऊन प्रसिद्ध झालेली नव्हती. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत, असं सांगितलं. मी मुलींना विचारते: तुम्ही न्यायाधीश आहात. तज्ज्ञ म्हणतो, मेंदूने ओळख दाखवली. तुम्ही काय विचाराल? सुरुवातीला सगळ्या गप्प असतात. मग कुणीतरी म्हणतं, पोलिसांनी तिला आधी दहा वेळा तीच वाक्यं ऐकवली असतील तर? दुसरी म्हणते, निर्दोष माणसांवर ही चाचणी घेऊन बघितली होती का, किती जणांवर, कितीदा चुकली? तिसरी म्हणते, मी खून केला नसेल पण मनात शंभरदा कल्पना केली असेल तर? या तिन्ही प्रश्नांना सायन्स लागत नाही. गेल्या वर्षी तिसरा प्रश्न विचारणारी मुलगी कला शाखेची होती, आणि तिने पेपर इतिहासाबरोबर घेतला होता.

भाषेचं म्हणशील तर उत्तर खुशाल मराठीत लिही, संज्ञा मात्र देवनागरीत आहेत तशा ठेव. हायपोथॅलॅमसला अधश्चेतक, लहान मेंदूला अनुमस्तिष्क असं पाठ करून पुढे एम.ए.ला काही उपयोग होत नाही. त्याऐवजी मूळ अर्थ शोध: कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल, अमिग्डाला म्हणजे बदाम, हिपोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा, डेंड्राइटमध्ये, म्हणजे चेतापेशीच्या फांद्यांच्या नावात, झाड आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकातल्या ‘वृक्षिका’मध्येही. नावं ठेवणाऱ्यांनी कापून बघितलं आणि जे दिसलं ते म्हटलं. आकृत्या रोज एक, पुस्तक मिटून. फिनिअस गेज या अमेरिकी रेल्वे कामगाराच्या डोक्यातून अपघातात आरपार गेलेल्या सळईवर फार पानं खर्च करू नकोस, ती सगळेच लिहितात, आणि अपघातानंतर त्याने चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी चालवली हे मात्र कुणी लिहीत नाही. नुसतं पाठांतर करून पन्नास टक्के मिळतात, त्यापुढचे ‘कसं कळलं’ यावर. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं मनात आलं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तिथवरच्या प्रवेशपरीक्षांत हा भाग हमखास असतो.

शेवटचं काम, आणि हे याच महिन्यात कर: एकदा खरा मेंदू हातात घे. बंगळूरला निम्हान्सच्या मेंदू संग्रहालयात माणसाचा खरा मेंदू हाताळायला मिळतो, महाविद्यालयाची सहल गेली तर सोडू नकोस. तोवर बकऱ्याचा भेजा. ताजा मेंदू मऊ लोण्यासारखा असतो, सुरी लावली की पसरतो. तासभर फ्रीझरमध्ये ठेवून थोडा घट्ट कर. दोन अर्धगोल अंगठ्यांनी हलकेच बाजूला केलेस की तळाशी पांढरा पूल दिसेल, कॉर्पस कॅलोसम. लहान मेंदू मधोमध काप, आत पांढरं झाड दिसेल. उलटा केलास तर डोळ्यांच्या नसांची फुली, आणि पुढे वासाचे दोन भलेमोठे कंद, कारण बकऱ्याला नाकाने जग कळतं. पिट्यूटरी ग्रंथी शोधत बसू नकोस, ती देठापासून तुटून कवटीतच राहते. हातमोजे घाल आणि नंतर तो खायचा विचार सोडून दे.

खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेव की भेजा शिजवायला नाही, शिकायला हवाय, अख्खा हवा. रविवारी जाऊ नकोस. गर्दीत तो कवटी घाईने फोडतो आणि लहान मेंदू हमखास चिरडतो. श्रावणात बरं, दुकान रिकामं असतं, गप्पा मारत मारत नीट काढून देतो. आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत असशील तर मालकीणबाईंच्या फ्रीजमध्ये ठेवायचं धाडस करू नकोस. माझ्या एका विद्यार्थिनीने ठेवला होता, डबा नीट बंद करून, वर ‘प्रॅक्टिकल’ असं लिहून. मालकीणबाईंनी उघडला, आणि तिला नवरात्राच्या आधल्या दिवशी नवी खोली शोधावी लागली.